गोळीने गवा उडतो का?

प्रश्न : आजोबा सांगायचे, संस्थानच्या काळात दाजीपूरच्या जंगलात हाकारा घालायचे आणि गोळी लागली की टनाचा गवारेडा उडून पडायचा. एवढ्याशा गोळीत एवढा जोर असतो? आणि आमच्या तालुक्याच्या स्वप्नील कुसाळेंच्या रायफलीने गवा पडेल का?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : उडायचा, हे आजोबांनी लावलेलं तिखटमीठ. हिशेबच करू. मोठ्या जनावरांसाठीची एक नावाजलेली रायफल म्हणजे ‘फोर सेव्हंटी’ दुनळी. तिची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, नळीतून सुटताना वेग सेकंदाला साधारण ६५० मीटर. तिचा सगळा संवेग ८०० किलोच्या गव्याला मिळाला, तरी तो सरकेल सेकंदाला जेमतेम अडीच सेंटीमीटर. शिवाय जेवढा धक्का गव्याला, तेवढाच, दारूच्या वायूंमुळे थोडा जास्तच, बार काढणाऱ्याच्या खांद्याला बसतो. गवा उडत असता, तर शिकारी त्याच्या आधी मचाणावरून खाली आला असता!

मग जनावर पडतं कशानं? गोळी मेंदूत किंवा मानेच्या मणक्यात बसली, तर जागच्या जागी. हृदय-फुप्फुस फुटलं तर रक्तदाब उतरतो, पण मेंदूत दहा-पंधरा सेकंदांचा प्राणवायू शिल्लक असतो. तेवढ्यात गवा झाडीत शिरतो, किंवा अंगावर येतो. त्यात त्याची ठेवण फसवी. खांद्यापासून अर्ध्या पाठीपर्यंत दिसणारा उंचवटा म्हणजे मणक्यांच्या लांब काट्यांवर चढलेलं मांस. हृदय राहतं पार खाली, पुढच्या पायांच्या मध्ये. नवखा माणूस दिसणाऱ्या देहाच्या मधोमध नेम धरतो आणि गोळी वरच्या वर जाते.

गोळीची बनावटही जनावर पाहून ठरते. हरणासाठी मऊ नाकाची : टोकाला शिसं उघडं, आत शिरताच ते फुलतं आणि जखम रुंद होते. तीच गव्याच्या खांद्याच्या हाडावर लागली तर वेळेआधी फुलून अडकू शकते. म्हणून त्याच्यासाठी टणक कवचाची, न फुलणारी ‘सॉलिड’; ती सरळ खोल जाते. फुलणारी गोळी १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात लष्करासाठी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असं ठरलं. शिकारीत मात्र तीच दयाळू मानली गेली, कारण जनावर लवकर मरतं. अर्थात ही दयेची व्याख्या बंदुकीच्या मागच्या बाजूने केलेली आहे.

आता कुसाळेंची रायफल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते ‘पॉइंट टू टू’वर. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा सुमारे १४० जूल. फोर सेव्हंटीची जवळपास ७,०००. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे नेमकेपणा लागतो, जोर नाही. असली गोळी गव्याला लागली तर बहुधा तो पडणार नाही, चवताळेल, आणि जखम पुढे चिघळत राहील. दाजीपूर १९५८ पासून अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत, तेव्हा प्रयोग कागदावरच करा.