आतड्यातील संप्रेरक आणि सुईतील औषध

अन्न आतड्यात उतरू लागले की आतड्याच्या अस्तरातील काही पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. पानावर रायपूरच्या पुरानी बस्तीतला फरा असो की पुण्याचा वरणभात, हा क्रम चुकत नाही. जीएलपी-१ हे त्या संप्रेरकाचे संक्षिप्त नाव. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्याचा इशारा देते, जठर रिकामे होण्याची गती मंद करते आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचवते. इन्सुलिनविषयीचा इशारा रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हाच लागू पडतो. त्यामुळे केवळ त्याच्या योगाने साखर फार खाली जाण्याचे भय थोडे.

इतक्या गुणी पदार्थाचे औषध लवकर का होऊ शकले नाही? रक्तातील एक विकर त्याचे विघटन करते आणि दोनेक मिनिटांत त्याचा निम्मा अंश निकामी होतो. या अडचणीतून वाट दाखविली ती एका विषारी सरड्याने! अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील रखरखीत प्रदेशातल्या गिला मॉन्स्टरच्या विषात जॉन एंग या संशोधकांना याच संप्रेरकाशी साम्य असलेला, पण त्या विकराला दाद न देणारा पदार्थ सापडला. १९९२ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यावरून तयार झालेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे सेमाग्लुटाइड आले. त्यात मानवी संप्रेरकाच्या प्रतिकृतीला मेदाम्लाची शेपटी जोडलेली असते. ही शेपटी रक्तातील अल्ब्युमिनला धरून राहते, म्हणून आठवड्याला एक सुई पुरते.

मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६८ आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले होते. औषध थांबविल्यावर मात्र वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. चाचणीतील सुमारे तीन-चतुर्थांश माणसे गौरवर्णीय होती, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ती का, हे पुण्याच्या एका उदाहरणावरून कळते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापले : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखविणारा निर्देशांक दोघांचा सारखाच, सुमारे २२. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून मेदयुक्त! याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना पुणे परिसरातील नवजात बालकांतही हेच दिसले. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो, पण ही तूट मेदापेक्षा स्नायूंत अधिक होती.

स्थूलतेवरील ही औषधे सामान्यतः निर्देशांक ३० असल्यास, अथवा २७ असून सोबत दुसरा विकार असल्यास दिली जातात. मधुमेहासाठी वजनाची ही अट नाही. पण निर्देशांक २४ असलेला मधुमेही आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही, आणि सुईने उतरणाऱ्या वजनात मेदाबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. ज्याच्या अंगी स्नायू आधीच कमी, त्याच्या बाबतीत वजनकाट्याचा आकडा पुरेसा नाही. कमरेचा घेर, हाताच्या पकडीचा जोर आणि ताटातील डाळ-दुधाचे प्रमाण, एवढे तरी औषध सुरू करण्यापूर्वी पाहावे लागते.