आधी टेबलं बघ, मग माणसं

नांदगावला नायब तहसीलदार म्हणून हजर व्हायची ऑर्डर हातात पडली आणि तुझा पहिला फोन, "ताई, तिथली माणसं कशी आहेत गं?" अगं, सगळीकडे असतात तशीच असणार. दोघं-तिघं मान मोडून राबणारी, दोघं-तिघं हजेरीपुरती आणि बाकीची वारा येईल तशी पाठ देणारी. पहिल्याच दिवशी कुणीतरी कानाशी लागेल, "मॅडम, त्या अमक्यापासून जरा जपून." ऐकून घे, चहा पाज आणि विसरून जा. महसुलात इतकी वर्षं काढून मी एवढंच सांगेन की कचेरी माणसांच्या स्वभावानं बिघडते त्याहून जास्त टेबलांच्या वाटपानं बिघडते.

म्हणून आधी टेबलं बघ. संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलापुढे सकाळपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग आणि शेजारच्या टेबलावर आठवड्याला चार कागद, असं असलं की राबणारा आतल्या आत कुढतो. मग तोच समोरच्या आजीवर खेकसतो. त्याला सौजन्याच्या प्रशिक्षणाला पाठवून काही होत नाही. त्याचा अर्धा भार शेजारी सरकव, वाटपाचा आदेश लेखी काढ आणि सगळ्यांना दिसेल असा लाव. एक टेबल मलईचं आणि एक शिक्षेचं, अशी कुजबुज कानावर आली तर ती दोन्ही टेबलं ठरावीक मुदतीनं फिरती ठेव.

लखीना पॅटर्न तू परीक्षेपुरता वाचलायस. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखीना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतल्या कागदांची आणि बसण्याची घडीच बदलली. सहा गठ्ठ्यांची पद्धतही तुला पाठ असेल, प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं वगैरे. 'अ' वर्गाचा कागद कायमचा, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'ड' वर्षभरात नष्ट. लोक याला रेकॉर्डची शिस्त म्हणतात. माझ्या मते यातली खरी मेख वेगळीच आहे. माझा कागद शेजारच्या माणसाला पाच मिनिटांत सापडत असेल, तर मला बिनघोर रजा काढता येते आणि माझ्यावाचून कुणाचं अडतही नाही.

हे उलटं झालं की काय होतं ते मी एका कचेरीत बघितलंय. गाव सांगत नाही. एका कारकुनाच्या कपाटाची किल्ली कायम त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात. तो रजेवर असला की आलेली माणसं परत जायची. साहेबसुद्धा त्याला "आमचे भाऊसाहेब म्हणजे चालतं-बोलतं रेकॉर्ड" म्हणून चढवायचे. शेजारी नवी लागलेली मुलगी होती. तिला त्यानं साधा एक अर्ज कुठे ठेवायचा तेही धड सांगितलं नाही. पुढे त्याचं ऑपरेशन झालं, महिन्याची रजा पडली आणि पंच बोलावून कपाट उघडावं लागलं. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे निघाले. वरचे तेवढे नीट. खालच्यांत जुने अर्ज, काहींचे अर्जदार तोवर वारलेले. त्या दिवशी सगळे त्या माणसाला नावं ठेवत होते. मला राग आला तो त्याला चढवणाऱ्यांचा.

महाराष्ट्रात 2005चा कायदा आहे, लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल कुणाकडे पडून राहू नये, असं तो म्हणतो. तो नोटिसा काढायला वापरू नकोस. सोमवारी सकाळी अर्धा तास सगळ्यांना बसव आणि एवढंच विचार, कुणाकडे काय अडलंय आणि कशामुळे? पहिल्यांदा जो "माझ्याकडे अडलंय मॅडम" म्हणेल त्याच्यावर डाफरलीस, तर पुढच्या सोमवारी प्रत्येक जण "सगळं ओके" म्हणणार. मग अडलेलं तुला कळेल ते जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये, चार लोकांसमोर. शिवाय नांदगाव टंचाईचा तालुका. उन्हाळ्यात टँकरचा प्रस्ताव दोन दिवस कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहिला, तर तेवढे दिवस एखादी वस्ती हंडे घेऊन बसते. कागद अडलाय हे सांगायची भीती अशी गावापर्यंत पोचते.

अपडाऊनचं काय करायचं, हेही तू विचारशीलच. तालुक्याचं ठिकाण नांदगाव, पण मोठं शहर मनमाड. त्यात मुंबई-भुसावळ मार्गावरचं स्टेशन. तेव्हा मनमाड, नाशिक, चाळीसगावहून गाडीनं येणारे असणारच. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून वेळ पावणेदहा ते सव्वासहा, आणि सहाला साऱ्यांचे डोळे घड्याळाकडे. त्यावर कडक व्हायला माझी हरकत नाही. पण मला जास्त खटकतं ते दुसरंच. उशिराचं काम निघालं की ते गावात राहणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, "तू काय इथलाच आहेस." त्यालाही घर आहे. थांबायच्या पाळ्या लाव, त्यात स्वतःचंही नाव घाल आणि हालचाल नोंदवहीत तूही सही करत जा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला "माहिती तात्काळ सादर करावी" टाकायची खोड लावून घेऊ नकोस. पूर-पाऊस, निवडणूक सोडली तर तेवढं तात्काळ काही नसतं गं.

आणि हे पहिल्याच आठवड्यात कर. कचेरीत दहा किंवा जास्त माणसं असली की महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत एवढ्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमल्याचा आदेश मागव. बऱ्याचदा समितीतली बाई बदलून गेलेली असते, नाव मात्र भिंतीवर तसंच. तसं दिसलं तर तहसीलदारांपुढे नव्या आदेशाचा कागद ठेव. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून नावं आणि फोन नंबर लगेच बदलून घे. शिपाई आणि कंत्राटी मुलींनाही तो फलक रोज दिसेल अशा जागी लाव. साहेबांच्या दालनात तो कोण वाचणार?