मुलांच्या डोळ्यांभोवतीचा जंतुसंसर्ग : ओळख आणि उपचार

वसतिगृहातील एखाद्या मुलाची पापणी सकाळी सुजलेली दिसली, की ‘काहीतरी चावले असेल’ असे म्हणून आपण कामाला लागतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु तशीच दिसणारी सूज कधी दृष्टीवर, क्वचित जिवावरही बेतते. हा भेद शिक्षक व पालक या दोघांनाही ठाऊक असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पापणीच्या कडेला दुखरी पुळी आली, तर ती बहुधा रांजणवाडी असते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून ३-४ वेळा १० मिनिटे शेकावे. पुळी फोडू नये.

संपूर्ण पापणी लाल, गरम व सुजलेली असेल, तर संसर्ग पसरला आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पापणीच्या आत एक पातळ पडदा असतो. संसर्ग त्याच्या पुढेच राहिला, तर प्रतिजैविकांनी तो सहसा बरा होतो. औषधाचा क्रम मात्र पूर्ण करावा. पडद्यामागे, म्हणजे खोबणीत शिरलेला संसर्ग धोक्याचा होय. तो बहुधा सर्दीनंतर नाकालगतच्या पोकळ्यांतून येतो, कारण त्या पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते.

म्हणून केवळ सूज पाहून थांबू नये. हात धुऊन पापणी हळुवार उघडावी आणि मुलाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहावयास सांगावे. डोळा फिरविताना दुखणे, तो नीट न फिरणे, पुढे आलेला दिसणे, अंधूक वा दुहेरी दिसणे, तसेच तीव्र ताप, उलट्या किंवा गुंगी यांपैकी एकही लक्षण आढळल्यास, किंवा सुजेमुळे पापणी उघडतच नसल्यास, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तेथे शिरेवाटे प्रतिजैविके देतात, गरजेनुसार सीटी स्कॅन करतात. कधी शस्त्रक्रियाही लागते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला आणि १९४० च्या दशकात ते औषध म्हणून वापरात आले. त्यापूर्वी या आजारात मुले दृष्टी, प्रसंगी प्राणही गमावीत. आज औषध उपलब्ध आहे. ते वेळेवर मिळणे मात्र मुलाजवळच्या वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. काजळ, दूध वा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालण्यात आणि दुकानातून विचारून आणलेले थेंब सोडण्यात तो मोलाचा वेळ दवडू नये, अशी आमची सर्वांना विनंती आहे.