सौर पॅनेल : पाटीवरचे वॅट आणि छपरावरची वीज

२०२४ च्या एप्रिलमध्ये, ईद चार दिवसांवर आली असताना, मिरजेजवळच्या एका शिलाई कारखानदाराचा आम्हाला फोन आला. वळवाच्या पावसात तार तुटून गावाची वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले, छपरावरची सहा नवी पॅनेल उन्हात चमकत होती, आणि खाली सगळी मशिने बंद! ऑर्डरचे कपडे अर्धवट पडलेले. "आम्हाला फसवले," असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही जाऊन पाहिले तेव्हा यंत्रणेत काहीही बिघाड नव्हता. ती जशी चालायला हवी तशीच चालत होती. फक्त ती कशी चालते, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि घेणाऱ्याने विचारले नव्हते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव सध्या सौर पॅनेल घेण्याच्या विचारात आहेत. पैसे घालण्यापूर्वी ही वस्तू नीट समजून घ्यावी, यासाठी हा पाठ.

पॅनेल म्हणजे काय?

पॅनेल हे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे बनलेले असते. या चकत्यांना सौरघट किंवा सेल म्हणतात. प्रकाश पडला की सेलमध्ये वीज निर्माण होते. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने असा पहिला उपयोगी सेल दाखवला, तेव्हा तो पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच वीज करीत असे. आज बाजारातील चांगली मोनो पॅनेल २० ते २२ टक्के करतात. जुनी, निळसर दिसणारी पॉली पॅनेल १५ ते १७ टक्क्यांच्या आसपास असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॅनेल प्रकाशावर चालते, उष्णतेवर नाही. पाणी तापवणारा सोलर बंब वेगळा आणि वीज देणारे पॅनेल वेगळे. पॅनेलला उष्णता उलट मारकच असते.

पाठीमागची पाटी वाचा

प्रत्येक पॅनेलच्या मागे एक पाटी चिकटवलेली असते. कापडाचा पन्ना आणि वजन पाहिल्याशिवाय आपण तागा घेत नाही, तशी ही पाटी वाचल्याशिवाय पॅनेल घेऊ नये. समजा पाटीवर ५४० वॅट लिहिले आहे. त्याखाली कमाल शक्तीच्या वेळचा दाब ४१.५ व्होल्ट आणि प्रवाह १३ अँपिअर असेल, तर दोहोंचा गुणाकार करून पाहावा. तो ५४० च्या जवळ आला पाहिजे.

दुसरी तपासणी मोजपट्टीची. असे पॅनेल साधारण २.२७ मीटर लांब व १.१३ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे २.५७ चौरस मीटर. पूर्ण उन्हात एका चौरस मीटरवर १,००० वॅट प्रकाश पडतो असे धरतात. ५४० ला २,५७० ने भागले की २१ टक्के येतात. एवढ्याच आकाराच्या पॅनेलवर कोणी ७०० वॅट लिहिले असेल, तर ते २७ टक्के होतात. बाजारात मिळणारे पॅनेल एवढे देत नाही. अशा ठिकाणी दुकानातून सरळ बाहेर पडावे. पाटीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आयएस १४२८६ हा क्रमांक आहे का, तेही पाहावे.

पाटीवरचे वॅट छपरावर का मिळत नाहीत?

पाटीवरचा आकडा प्रयोगशाळेतील असतो. तेथे सेलचे तापमान २५ अंश ठेवलेले असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा ३८ अंशांवर असली की उन्हातला सेल ६५ अंशांपर्यंत तापतो, म्हणजे ४० अंश जास्त. पाटीवर तापमानाचा गुणांक उणे ०.३५ टक्के दिला असेल, तर चाळीस अंशांना १४ टक्के घट होते. ५४० वॅटचे पॅनेल त्या दुपारी ४६५ वॅटच्या आसपास देईल. यात कोणाची लबाडी नाही, हा सिलिकॉनचा गुणधर्म आहे. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून कधी बसवू नये. खालून हवा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवावी.

त्यात तारा, इन्व्हर्टर आणि धूळ यांची घट मिळवली की पाटीवरच्या क्षमतेच्या साधारण पाऊण हिस्सा हाती येतो. वर्षाची सरासरी काढली तर आपल्या भागात १ किलोवॅटला रोज सुमारे ४ युनिट, महिन्याला १२० आणि वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट धरावेत. कोणी रोज ६ किंवा ७ युनिट सांगत असेल, तर ते लेखी मागावे. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते.

पश्चिमेचा पाऊस, पूर्वेची धूळ

आपल्या दोन जिल्ह्यांचे हवामान एकसारखे नाही. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या बाजूला पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला ऊन भरपूर, पण धूळही भरपूर. साखर कारखाने चालू असताना आसपासच्या छपरांवर काजळी बसते, ती वेगळीच. अशा ठिकाणी पंधरा दिवसांतून एकदा तरी पॅनेल धुवावीत, तीही सकाळी काच थंड असताना. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शक्यतो गोडे पाणी वापरून काच पुसून घ्यावी.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे १७ अंश असावा, कारण आपले जिल्हे साधारण १७ अक्षांशावर आहेत.

सावलीचे नुकसान विट्याच्या यंत्रमागधारकांना लगेच कळेल. ताण्यातला एक धागा तुटला तरी माग थांबवावा लागतो. पॅनेलमधील सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली तरी त्या ओळीची वीज अडते. पॅनेलमध्ये यासाठी बहुधा तीन डायोड बसवलेले असतात. ते अडलेला भाग वगळून बाकीचा चालू ठेवतात, पण तेवढ्या सावलीने तिसरा हिस्सा गेलेला असतो. म्हणून टाकी, जिना, नारळाचे झाड यांची सावली सकाळी नऊ ते दुपारी चार कुठे फिरते, हे आधी पाहावे.

वीज गेल्यावर काय?

आता मिरजेच्या त्या कारखानदाराकडे येऊ. त्यांची यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेली होती. कंपनीची वीज गेली की अशा यंत्रणेचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो आणि तो बंद झालाच पाहिजे. तसे झाले नाही, तर छपरावरची वीज उलट तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

दुसरा प्रकार बॅटरीवरचा ऑफ-ग्रिड. तिसरा हायब्रिड, त्यात दोन्ही सोयी असतात. वीज गेल्यावरही काम चालू हवे असेल, तर बॅटरी लागतेच. पण बॅटरी महाग, आणि पॅनेलच्या आधी ती बदलावी लागते. त्या कारखानदाराला आम्ही सुचवले की सगळा कारखाना बॅटरीवर घेऊ नका. चार मशिने, दिवे आणि पंखे एवढ्यासाठीच वेगळा छोटा इन्व्हर्टर ठेवा. इस्त्री त्यावर लावू नका. त्यांनी तसे केले. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा इस्त्री थांबली, शिलाई थांबली नाही.

आपल्या धंद्याला किती?

१ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने आठ तास चालली की ६ युनिट लागतात. म्हणजे एका मागाला दीड किलोवॅट, चार मागांना ६ किलोवॅट आणि ६०० चौरस फूट जागा. रात्रपाळीची वीज तारेतूनच येईल. नेट मीटर असेल तर दिवसा तारेत सोडलेले युनिट बिलातून वजा होतात. मिरजेच्या सतार कारागिरांचे बरेचसे काम हाताचे, त्यांना १ किलोवॅटही पुरेल. वेल्डिंगवाल्यांनी बॅटरीच्या छोट्या यंत्रणेवर मशीन लावू नये, सुरुवातीचा झटका तिला झेपत नाही.

खर्चाचा हिशोब असा मांडावा. समजा ३ किलोवॅटला १,८०,००० रुपये लागले आणि दुकानाच्या बिलात एक युनिट १० रुपयांना पडते. वर्षाला ४,२०० युनिट, म्हणजे ४२,००० रुपये वाचतील. चार वर्षांहून थोड्या अधिक काळात रक्कम वसूल. आकडे आपल्या बिलातले घालावेत. वापरापेक्षा मोठी यंत्रणा घेऊ नये, कारण वर्षअखेर उरलेल्या युनिटला मिळणारा दर आपल्या खरेदीच्या दरापेक्षा बराच कमी असतो. व्याजी कर्जात पडायचे नसेल, तर १ किलोवॅटपासून सुरुवात करता येते. फक्त पुढे वाढवायचे असल्यास इन्व्हर्टर आणि मंजुरीचा विचार आधी करावा.

अनुदानाबाबत मोठा गैरसमज आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये ठरवले गेले, पण ते घरगुती जोडणीला. दुकान व कारखान्याच्या जोडणीला ते नाही. दुकानदाराला अनुदान मिळवून देतो असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून सावध राहावे.

घरगुती वापरासाठी जवळचे उदाहरण पाहायचे असेल, तर पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. भरपूर पावसाच्या तालुक्यातील या छोट्या गावात घरोघरच्या छपरांवर पॅनेल बसली. पावसाळ्यातील तूट उन्हाळ्याच्या शिलकीतून भरून काढायची, हा वर्षाचा हिशोब नेट मीटरमुळे जमतो.

सही करण्यापूर्वी

पुढील गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात : पॅनेलचे वॅट, संख्या आणि अनुक्रमांक, वस्तूची हमी किती वर्षे आणि उत्पादनाची किती (पॅनेल दरवर्षी साधारण अर्धा टक्का क्षीण होते, म्हणून पंचवीस वर्षांनी किमान ८० टक्के ही हमी रास्त आहे), इन्व्हर्टरची हमी, सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आहे का, अर्थिंग आणि वीजरोधक बसवणार का, नेट मीटरचे काम कोण करणार, आणि सर्वांत शेवटी एक साधा प्रश्न : "तार तुटली तर माझे मशीन चालेल का?" याचे उत्तर हो किंवा नाही, एवढ्याच शब्दांत घ्यावे आणि तेही कागदावर.