कुत्रा आत, प्रश्न दोनच

ताईंनो, दृष्टी नसलेली बाई कुत्रा घेऊन किराणा दुकानात शिरली तर? अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग कायद्यामुळे तिला अडवता येत नाही. शिकवलेला कुत्रा म्हणजे तिची पांढरी काठीच. कुत्रा कशासाठी आहे ते उघड दिसत नसेल, तरच दुकानदाराने विचारायचं, तेही दोनच प्रश्न: तो अपंगत्वामुळे लागतो का, आणि कोणतं काम शिकलाय? आजार कोणता, दाखला कुठाय, हे विचारायचं नाही. कुत्रा आवरत नसेल तर मात्र बाहेर न्यायला सांगता येतं. पण बाईला सामान द्यायचंच.

आपल्या २०१६ च्या कायद्यानेही भेदभावाला बंदी आहे. तरी मी सर्व्हेत एका दिव्यांग ताईला पहिलं काय विचारलं? "कशाने झालं?" बैठकीला यायला काय लागतं, ते विचारायचं राहूनच गेलं. या महिन्यात परत जातेय.