मोजमाप पुस्तकातली सही

२७ वर्षे मी रस्त्यांच्या कामांवर शाखा अभियंता होतो. रविवारी उपासना, सोमवारी ठेकेदार. त्या सोमवारांनी शिकवलेलं लिहितो आहे.

१. धमकीला तोंड देणं मला सोपं गेलं, जड गेला तो आपलेपणा. एका कामावर खडीच्या थराची दबाईनंतरची जाडी ७५ मिलिमीटर हवी होती. तपासणीचे खड्डे घेतले, पट्टी धरली. कुठे ५५, कुठे ६०. ठेकेदाराने आवाज चढवला नाही. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्या चर्चचे पत्रे गळतात म्हणे. बदलून देतो." पाकिटाला मी हात लावला नसता, पत्र्यांपाशी मन अडलं. मंडळीतले एक वडीलधारेही म्हणाले, "देवाचंच काम आहे, घ्या." रात्रभर झोप नाही. सकाळी मोजमाप पुस्तकात ५५ आणि ६० लिहिले. पुढचे दोन पावसाळे आम्ही बादल्या ठेवून उपासना केली.

२. आपली श्रद्धा झाकू नये. प्रार्थनेवर बंदीहुकूम निघाल्यावरही बायबलमधल्या दानीएलाने खिडकी लावून घेतली नाही. पंडिता रमाबाईही मला तशाच वाटतात. १८८९ मध्ये मुंबईत मुलींसाठी काढलेलं शारदा सदन त्यांनी पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. मुलींवर धर्म लादायचा नाही हा त्यांचा शब्द. पण स्वतःची प्रार्थना दार लावून करायला त्या तयार नव्हत्या. १८९३ मध्ये त्यावरूनच काहूर उठलं. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. त्याआधी, इंग्लंडमधल्या ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांनाही रमाबाईंनी स्पष्ट कळवलं होतं की पटल्याशिवाय कोणतंही मत स्वीकारणार नाही. परक्यांपुढे ताठ उभं राहणं जमतं. आपल्या माणसांना नाही म्हणताना खरी कसोटी लागते.

३. एकदा मी घसरलो. ३१ मार्च होता, निधी परत जाणार होता, वरिष्ठांचा तिसरा फोन आला. खड्डा न घेताच मी ७५ लिहिलं. पहिल्याच पावसात खडी उघडी पडली, वस्तीवरची एस.टी. बंद झाली, पोरं चिखलातून शाळेला जाऊ लागली. जक्कयाची गोष्ट मी बायबलवर्गात कितीदा सांगितली होती! त्याने नुसती क्षमा मागितली नव्हती, लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. पंधरा दिवस मी फक्त प्रार्थना करत राहिलो, कारण कबुलीचं पत्र लिहायची भीती वाटत होती. शेवटी लिहिलं: मोजमाप न घेता नोंद केली. कारणे दाखवा नोटीस आली, एक वेतनवाढ रोखली. दोषदायित्वाची मुदत संपली नव्हती, म्हणून रस्ता ठेकेदाराकडूनच पुन्हा करून घेता आला.

४. नाही म्हणण्याची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते, म्हणून त्यांना आधी सांगा. माझ्या बदल्यांपायी मुलीची शाळा दोनदा सुटली. बायको एवढंच म्हणाली, "भाकरी कुठेही भाजता येते."

५. सचोटी ही ख्रिस्ती माणसाची मिरासदारी नाही. माझ्याबरोबर टेप धरणारा मैलकुली माळकरी होता. त्याने एकदाही खोटा आकडा सांगितला नाही.

नोकरीत नव्याने लागलेल्या माझ्या बहिणी-भावांनो, मार्चची वाट पाहू नका. फेब्रुवारीतच खड्डे घ्या, आकडा जागेवरच शाईने लिहा, आणि मगच सही करा.