निशिगंधाचा वाफा : वैज्ञानिक पद्धतीची पाठशाळा

विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनाचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य होय, असे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात नमूद झाले. हे कर्तव्य केवळ पाठांतराने अंगी बाणत नाही. प्रयोगाचा निष्कर्ष पुस्तकात आधीच छापलेला असेल, तर विद्यार्थ्याच्या वहीत बहुधा तोच उतरतो. निरीक्षणाला वावच उरत नाही. ज्याचे उत्तर वर्गात कोणालाच ठाऊक नाही, असा प्रश्न मुलांपुढे ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शाळांना असा प्रश्न निशिगंधाच्या कंदात सापडेल. बाजारात गुलछडी म्हणून ओळखले जाणारे हे फूल मूळचे मेक्सिकोचे. आज मात्र ते आपल्या हारांतून व पूजेच्या ताटांतून अविभाज्य झाले आहे. जिल्ह्यातील राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निशिगंधाचा ‘फुले रजनी’ हा वाण प्रसारित केला आहे. कोणताही नवा वाण जुन्या वाणांशेजारी, सारख्या मशागतीत व अनेक वाफ्यांत लावून पारखला जातो. हीच पद्धत लहान प्रमाणावर शाळेच्या आवारात आणता येते.

एक प्रश्न, एकच फरक

‘मोठ्या कंदाला फूल लवकर येते काय?’ हा प्रश्न घ्यावा. कंदात अन्नाचा साठा असतो. म्हणून मोठा कंद आधी फुलेल, हे झाले गृहीतक. ते लागवडीपूर्वीच वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुठ्ठ्याला तीन व दीड सेंटिमीटर व्यासाची भोके पाडून कंदांची प्रतवारी करावी. एकाच वाणाचे, एकाच शेतातील बारा मोठे व बारा लहान कंद निवडावेत. तीस-तीस सेंटिमीटर अंतरावर लावल्यास चोवीस कंदांना जेमतेम सव्वादोन चौरस मीटर जागा पुरते. पाणी साचल्यास कंद कुजतात. यास्तव वाफा गादीसारखा उंच असावा.

कोणता कंद कोठे लावायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चांगली जागा नकळत मोठ्या कंदांच्या वाट्याला जाऊ नये, हा त्यातील हेतू. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत ही रीत रुजविली. खोली, खत व पाणी मात्र सर्वांना सारखेच द्यावे.

नोंदवहीचे मोल

जूनमध्ये शाळा उघडताच लागवड केल्यास साधारणतः तीन-साडेतीन महिन्यांनी, सहामाही परीक्षेच्या सुमारास, फुलांचे दांडे दिसू लागतात. कोंब फुटल्याचा दिवस, दर आठवड्याची पानांची संख्या, दांडा दिसल्याचा दिवस व त्याची लांबी यांची नोंद आळीपाळीने मुलांनीच ठेवावी. बारांपैकी दोन कंद कुजले, तर सरासरी दहांचीच आहे, हे स्पष्ट लिहावे. काही लहान कंद पहिल्या हंगामात फुलतही नाहीत. ‘फूल नाही’ हीदेखील नोंदच होय. गृहीतक चुकीचे ठरले म्हणून प्रयोग फसला, असे मुळीच नाही. आकडे खोडून ते जुळविले, तरच तो फसतो. शिवाय एका वाफ्याचा निष्कर्ष त्या वाफ्यापुरताच असतो, हेही मुलांना उमगले पाहिजे.

निशिगंधाच्या एका कंदाभोवती अनेक पिलू-कंद तयार होतात. त्यामुळे पुढील वर्गाला बियाणे विकत घ्यावे लागत नाही, आणि तोच प्रयोग पुन्हा करून आधीच्या वर्गाचा निष्कर्ष पडताळता येतो.

ग्रामपंचायतीने वाफ्यासाठी थोडी जागा, पाणी व कुंपण दिल्यास हा उपक्रम सहज उभा राहील. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही पुष्पगुच्छाऐवजी नोंदवही मागावी. तेथे केवळ यशाचीच विचारणा झाली, तर मुले यश रचायला शिकतील; ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ असे विचारले गेले, तर ती पुरावा द्यायला शिकतील. गावचा उद्याचा शेतकरी, शिक्षक अन् सरपंच याच वाफ्याभोवती उभा आहे, याचे भान आपण ठेवावयास हवे.